लघवीच्या पिशवीचा कर्करोग आणि जुन्या नोकरीचा हिशेब

फुक्सिन हा गर्द किरमिजी रंग. तो तयार करणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी निघाल्याचं १८९५ साली फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी जाहीर केलं. तीन हा आकडा लहान दिसतो. पण एरवी क्वचित दिसणारा आजार एकाच कामावरच्या तिघांना व्हावा, हा योगायोग नाही, हे त्यांनी ओळखलं. रेन यांचा संशय अनिलिन या रंग बनवताना वापरल्या जाणाऱ्या रसायनावर होता. खरे दोषी पुढे सापडले: २-नॅफ्थिलअमीन आणि बेंझिडिन ही रंगधंद्यातलीच दोन रसायनं. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी २-नॅफ्थिलअमीन देऊन कुत्र्यांमध्ये हाच कर्करोग उद्भवतो हे दाखवलं.

विष नाकातून किंवा कातडीतून शिरलं, तर गाठ मूत्राशयातच का? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर सोडतात. पाणी परत घेतलं जातं, नको असलेली रसायनं मागे राहून दाट होतात. शरीरातल्या बाकी जागांवरून ती वाहून जातात. मूत्राशयात मात्र तासन् तास साठून राहतात, आतल्या अस्तराला चिकटून. त्या अस्तराच्या पेशींमध्ये बिघाड होतो आणि गाठ दिसायला वीस-वीस वर्षं लागतात. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, कारखानाही कदाचित बंद पडलेला असतो.

हेच २-नॅफ्थिलअमीन तंबाखूच्या धुरात असतं. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान आहे. सिगारेट-बिडी सोडली की धोका उतरत जातो, पण सावकाश. म्हणून आज सोडणं हे पुढच्या वर्षी सोडण्यापेक्षा नक्कीच बरं.

पाण्यातलं आर्सेनिक हे दुसरं कारण. चिलीतल्या अंतोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकयुक्त पाणी मिळत होतं. पाणी सुधारलं, तरी मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढची कित्येक वर्षं चढेच राहिले. इजिप्तमध्ये शिस्टोसोमा नावाचा कृमी मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घालतो. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या दाहातून तिथे कर्करोग होत आला. या संसर्गाची नोंद १९५२ मध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचं औषध, ओटीपोटावरचं रेडिएशन आणि लघवीसाठी घातलेली आणि वर्षानुवर्षं आत राहिलेली नळी (कॅथेटर) यांनीही धोका वाढतो. वय वाढतं तसा तो वाढतो, आणि पुरुषांना तो स्त्रियांच्या तीन-चार पट असतो.

पहिली खूण बहुधा दुखत नाही. एक दिवस लघवी लाल होते, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. मग घरात "उष्णता झाली असेल, सब्जा घे" म्हणून विषय संपतो. स्त्रियांच्या बाबतीत तर दरवेळी "इन्फेक्शन" म्हणून गोळ्या मिळतात आणि महिने जातात. एकदाच दिसलेलं रक्तही डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि त्यांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं: बिडी किती वर्षं ओढली, आणि तीस वर्षांपूर्वी गिरणीच्या रंगखात्यात, रबराच्या किंवा रंगाच्या कारखान्यात हात कशात बुडलेले असायचे.