एकाच स्वॅबमध्ये दोन विषाणू : पार्श्वभूमी

घशात किंवा नाकात एका वेळी दोन-तीन विषाणू सापडणं ही कोरोनाने आणलेली गोष्ट नव्हे. एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारी पीसीआर पॅनेल आली तेव्हापासून लहान मुलांच्या स्वॅबमध्ये अशा जोड्या सर्रास दिसत होत्या. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात तपासणीसाठी रांगा लागल्या, पण प्रश्न एकच असायचा : एच१एन१ आहे की नाही? निगेटिव्ह आलेल्याला मग झालंय तरी काय, हे फारसं कुणी पाहिलं नाही.

मार्च २०२० मध्ये एकच कारण शोधायची ही सवय महागात पडली. कोरोनाच्या किट अपुऱ्या होत्या. चीनमधल्या सुरुवातीच्या अहवालांत जोडसंसर्ग क्वचितच नोंदवला होता. अमेरिकेत, संशयिताचे इतर विषाणूही तपासा, दुसरं कारण सापडलं तर निदानाला मदत होईल, असा अधिकृत सल्ला निघाला. त्यातून सोपा अर्थ निघत होता : फ्लू निघाला, म्हणजे कोरोना नाही. जणू एका म्यानात दोन तलवारी राहतच नाहीत! त्याच महिन्यात उत्तर कॅलिफोर्नियातले नमुने कोरोना आणि इतर रोगजंतू अशा दोन्हींसाठी तपासले गेले. कोरोना पॉझिटिव्ह ११६ पैकी २४ नमुन्यांत, म्हणजे जवळपास २१ टक्क्यांत, दुसराही रोगजंतू होता. सर्वांत जास्त ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साधी सर्दी. कोरोना निगेटिव्ह नमुन्यांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होतं. फरक इतका थोडा असताना दुसरा विषाणू सापडला म्हणून कोरोनाची तपासणीच न करणं माझ्या मते घातक होतं. असा रुग्ण साध्या वॉर्डात इतरांच्या शेजारी झोपणार होता.

'सहसंसर्ग' या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला. पीसीआर विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते. तो जिवंत आहे का, ताप त्याच्यामुळेच आला का, हे ती सांगत नाही. सर्दी बरी होऊनही ऱ्हायनोव्हायरसचे अंश काही आठवडे नाकात सापडू शकतात. म्हणून 'सोबत आढळला' आणि 'दोन्हींनी आजारी पाडलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. तरी जोडीदार कोण, याला महत्त्व आहेच. ब्रिटनमधल्या इस्पितळांत कोरोनाचे जे ६,९६५ रुग्ण इतर विषाणूंसाठीही तपासले गेले, त्यांतल्या ५८३ जणांत दुसरा विषाणू निघाला. कोरोनासोबत फ्लू असलेल्यांना व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

मास्क आणि टाळेबंदीच्या काळात फ्लू जगभर जवळजवळ नाहीसा झाला, त्यामुळे हा प्रश्न मागे पडला. २०२१ मध्ये अमेरिकेने आपली जुनी कोरोना किट मागे घेऊन एकत्रित चाचण्या सुचवल्या, तेव्हा 'जुन्या किटला फ्लू आणि कोरोना यांतला फरकच कळत नव्हता' अशी अफवा पसरली. ती साफ खोटी होती : ती किट फ्लू शोधतच नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला 'फ्लुरोना' (फ्लू आणि कोरोना एकाच वेळी) हा शब्द असा गाजला की जणू नवाच विषाणू आला. आता कोरोना, फ्लूचे ए आणि बी हे दोन प्रकार आणि आरएसव्ही (लहान मुलांना जास्त सतावणारा श्वसनमार्गाचा विषाणू) एकाच चाचणीत पाहता येतात. रिपोर्टवर प्रत्येकासमोर 'डिटेक्टेड' किंवा 'नॉट डिटेक्टेड' एवढंच छापलेलं असतं. त्यांतला कोणता विषाणू त्रास देतोय, हे अजूनही खाटेशी उभ्या डॉक्टरलाच ठरवावं लागतं.