गाईन, गायला, गाई : एका नियमित स्पॅनिश क्रियापदाची घडण

स्पॅनिश शिकू लागणाऱ्याच्या हाती अगदी सुरुवातीलाच एक तक्ता पडतो. ‘कांतार’ म्हणजे गाणे. त्यातले शेवटचे ‘आर’ काढले की ‘कांत’ एवढा धातू उरतो आणि त्याला प्रत्यय लावत गेले की वर्तमानकाळ तयार होतो : कांतो (मी गातो), कांतास (तू गातोस), कांता (तो गातो), कांतामोस (आम्ही गातो), कांताइस (तुम्ही गाता), कांतान (ते गातात). मग साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ, भविष्यकाळ, संकेतार्थ असे रकाने वाढत जातात. पारंपरिक स्पॅनिश व्याकरण आज्ञार्थ धरून असे सतरा गट मोजते, तेव्हा एकट्या ‘कांतार’ची रूपे शंभराच्या घरात जातात. क्रियापद ‘नियमित’ असल्याने विद्यार्थ्याला एवढाच दिलासा असतो की, हा तक्ता एकदा पाठ झाला की याच वर्गातील हजारो क्रियापदे त्याच साच्यातून काढता येतात. तक्ता इतका नीटस असतो की कोणी वैयाकरणाने बसून तो आखला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात ही रूपे सुमारे दोन हजार वर्षांच्या बोलण्यात झिजत, एकमेकांत मिसळत आणि मधूनमधून डागडुजी होत आजच्या आकाराला आली आहेत, आणि त्या डागडुजीच्या खुणा तक्त्यात अजून दिसतात.

‘कांतार’ नियमित का, या प्रश्नाचे उत्तरच मुळात योगायोगाचे आहे. त्याच्या शेजारी ‘कोंतार’ (मोजणे, सांगणे) हे क्रियापद ठेवून पाहावे. दोघांत फरक एका स्वराचा, प्रत्यय तेच, तरी ‘मी गातो’ला ‘कांतो’ म्हणतात आणि ‘मी मोजतो’ला मात्र ‘क्वेंतो’. स्पॅनिशची जननी असलेल्या लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ओ’वर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, आला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘वे’ झाला. आघात नसेल तेथे तो ‘ओ’च राहिला. म्हणून ‘आम्ही मोजतो’ म्हणताना आघात पुढे सरकतो आणि ‘कोंतामोस’ असे सरळ रूप मिळते. ‘आ’ या स्वराला आघाताची ही बाधा झालीच नाही. ‘कांतार’च्या वाट्याला आलेला नियमितपणा हा असा त्याच्या स्वराच्या नशिबाचा भाग आहे, ‘कोंतार’नेही नियम मोडलेला नाही, त्याने फक्त ध्वनीचा नियम पाळला आणि तक्त्याचा सोडला.

भूतकाळाकडे वळले की मराठी वाचकाची स्थिती इंग्रजीच्या वाटेने आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा बरी असते. स्पॅनिशमध्ये ‘कांतो’ (तो गायला) आणि ‘कांताबा’ (तो गात असे, गात होता) हे दोन भूतकाळ आहेत व त्यांची गल्लत चालत नाही. घडून संपलेली गोष्ट पहिल्यात, चालत राहिलेली किंवा सवयीची गोष्ट दुसऱ्यात. ‘आजी पहाटे ओव्या गाई’ आणि ‘आजी काल ओव्या गायली’ यांतील भेद ज्याला आपोआप कळतो, त्याला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी ‘गाई’, ‘करी’, ‘जाई’ या रूपांना ‘ई-आख्यात’ म्हटले. लाख्यात, ईलाख्यात, चाख्यात अशी इतर नावेही त्यांनी प्रत्ययावरूनच ठेवली, काळावरून नाही. ही पद्धत शहाणपणाची वाटते, कारण रूप एक आणि काळ दुसरा असे होत असते. हेच ‘करी’ ज्ञानेश्वरकालीन मराठीत ‘करतो’ या अर्थी सर्रास येते. आज ते भूतकाळातील रीत सांगते.

वर ‘कांतो’ हे रूप दोनदा आले, एकदा ‘मी गातो’ म्हणून आणि एकदा ‘तो गायला’ म्हणून, ही छपाईची चूक नव्हे. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. उच्चारात मात्र पहिल्याचा आघात ‘कां’वर आहे आणि दुसऱ्याचा ‘तो’वर. स्पॅनिश लिपीत दुसऱ्याच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देतात. हा आघात तेथे आला कसा, ते लॅटिनकडे पाहिले की कळते. लॅटिनमध्ये ‘तो गायला’ म्हणजे ‘कांतावित’, आघात मधल्या ‘ता’वर. बोलताना ‘वि’तला स्वर गळाला आणि शब्दाचा शेवट ‘आउत’ असा झाला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर लोकांनी खरडलेल्या मजकुरात अशा घडणीचे रूप सापडते. पुढे अंत्य ‘त’ गेला, ‘आउ’चा ‘ओ’ झाला. म्हणजे आघात जागचा हललाच नाही. त्याच्या नंतरचा शब्दाचा भाग झिजून गेल्यामुळे तो टोकावर आला.

अपूर्ण भूतकाळात मात्र आघात खरोखरच हलला आहे, आणि तोही ध्वनीच्या नियमाने नव्हे. लॅटिनमध्ये ‘मी गात असे’ला ‘कांताबाम’ म्हणत व आघात ‘ता’वर असे, ‘आम्ही गात असू’ हे ‘कांताबामुस’ होई आणि तेथे आघात ‘बा’वर जाई. स्पॅनिशमध्ये सहाही रूपांत आघात ‘ता’वरच आहे : कांताबा, कांताबास, कांताबामोस, सगळीकडे. दोन रूपे बाकीच्या चारांपेक्षा वेगळी वागत होती, बोलणाऱ्यांनी त्यांना नकळत ओळीत आणले. भाषाशास्त्रात याला सादृश्यमूलक बदल म्हणतात. नियमितपणा नंतर येऊ शकतो, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण या तक्त्यात मिळणार नाही.

तरीही सर्वांत रोचक रकाना भविष्यकाळाचा आहे. लॅटिनचा भविष्यकाळ स्पॅनिशने घेतलाच नाही. तो वाटेतच मोडला. ‘तो गाईल’ म्हणजे ‘कांताबित’ आणि ‘तो गायला’ म्हणजे ‘कांतावित’. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत दोन स्वरांमधला ‘ब’ आणि ‘व’ बोलण्यात एकच झाले, आणि गायला की गाईल हे ऐकून कळेनासे झाले. आणखी एका वेगळ्या वर्गातील क्रियापदांत ‘दिकित’ (तो म्हणतो) आणि ‘दिकेत’ (तो म्हणेल) यांचे शेवटचे स्वर एकमेकांजवळ येत गेले. भविष्यकाळ मोडण्यामागे हे एक मोठे कारण होते. लोकांनी मग दुसरी वाट काढली : ‘कांतारे हाबेओ’. ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, आणि पूर्ण रचनेचा भाव जवळजवळ आपल्या ‘मला गायचे आहे’सारखा. ‘मला उद्या पुण्याला जायचे आहे’ या वाक्यात कर्तव्य किती आणि नुसते भविष्य किती, हे सांगणे कठीण असते. लॅटिन रचनाही याच उतारावरून घसरत गेली. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथे लिहिणाऱ्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात ‘जे घडायचेच आहे’ अशा अर्थाने ही रचना वारंवार भेटते.

दोन शब्द एकजीव झाल्याचा पहिला लेखी पुरावा सातव्या शतकातला आहे आणि तो फ्रँक राज्यातील एका बखरीत सापडतो. ही बखर फ्रेडेगार या नावाने ओळखली जाते. तीत अशी कथा आहे की पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने बंदी केलेल्या इराणी राजाकडे प्रांत मागितले. राजा म्हणाला, ‘नोन दाबो’, म्हणजे ‘देणार नाही’. सम्राट उत्तरला, ‘दारास’, म्हणजे ‘देशील’. त्यावरून दारास हे नगर वसले, असे बखरकार सांगतो. नगराच्या नावाची ही व्युत्पत्ती अर्थातच दंतकथा आहे, कारण हे सीमेवरचे ठाणे जस्टिनियन गादीवर येण्यापूर्वीच, सम्राट अनास्तासियसच्या काळात उभे राहिले होते. भाषेच्या अभ्यासकाला त्याचे काही वाटत नाही. त्याच्यासाठी महत्त्वाचे हे की एकाच संवादात राजाच्या तोंडी ‘दाबो’ हा जुना लॅटिन भविष्यकाळ आहे आणि सम्राटाच्या तोंडी ‘दारे’ अधिक ‘हाबेस’ मिळून झालेला नवा. ‘तू देशील’ला स्पॅनिशमध्ये आजही ‘दारास’च म्हणतात.

हा जोड उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर देवनागरीची मदत होते. ‘हाबेओ’चे आजचे स्पॅनिश क्रियापद ‘आबेर’ रोमन लिपीत ‘ह’ने लिहितात, पण तो ‘ह’ कोणी उच्चारत नाही. उच्चारानुसार त्याची रूपे ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन अशी होतात. आता ‘कांतार’चा भविष्यकाळ पाहावा : कांतारे, कांतारास, कांतारा, कांतारेमोस, कांतारेइस, कांतारान. पाचव्या रूपात ‘आबेइस’चा ‘एइस’ झाला आहे. बाकी सारे जसेच्या तसे. इतर काळांत प्रत्यय लागतो तो ‘कांत’ला, भविष्यकाळात मात्र अख्ख्या ‘कांतार’ला, याचेही कारण हेच. मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, तर हा सांधा पुरता भरलेला नव्हता आणि मधे सर्वनाम शिरत असे : ‘दार ते ए’, म्हणजे ‘देईन तुला’. स्पॅनिशने ती फट पुढे बुजवली. पोर्तुगालच्या औपचारिक लेखी पोर्तुगीजमध्ये ‘दार-ते-एइ’ अजून टिकून आहे, आणि गोव्यात १९६१ पूर्वी ज्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले त्यांना ते व्याकरणाच्या धड्यातून आठवत असणार. अंतोनिओ दे नेब्रिहाने १४९२ साली सालामांका येथे कास्तिलियनचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा भविष्यकाळ हा मूळ क्रियापद आणि ‘आबेर’ यांच्या जोडणीने होतो, हे त्याने नोंदवून ठेवले. अर्थात त्याच्या कानांवर ती जोडणी अजून पडत असावी.

भविष्यकाळात अनियमित क्रियापदे मोजकीच, डझनभर, आणि त्यांचेही रहस्य या सांध्यातच आहे. ‘तेनेर’ (जवळ असणे) अधिक ‘ए’ यातील मधला आघातहीन स्वर गळाला, ‘तेनरे’ उरले, आणि ‘न’ व ‘र’ यांच्या मधे जिभेने आपणहून ‘द’ घातला : ‘तेंद्रे’. संस्कृत ‘वानर’चा हिंदीत ‘बंदर’ आणि आपल्या बोलीत ‘वांदर’ झाला, तो याच जिभेच्या सवयीने.

‘आबेर’च्या वर्तमानकाळाऐवजी त्याचा भूतकाळ जोडला की ‘कांतारिआ’ मिळते. ‘तो म्हणाला की गाईन’ या वाक्यात मराठी ‘गाईन’ तसेच ठेवते. स्पॅनिशला तेथे ‘कांतारिआ’ लागते, भूतकाळात उभे राहून पाहिलेले भविष्य. ‘गायला असता’ किंवा ‘गाईलही’ अशा संकेतार्थी छटा या रूपाला त्यातूनच आल्या. काराकासमध्ये जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो याने १८४७ च्या आपल्या व्याकरणात या रूपाला ‘भूतोत्तर’ अशा अर्थाचे नाव दिले. शाळांत रूढ असलेल्या ‘संकेतार्थ’ या नावापेक्षा ते मला अधिक नेमके वाटते.

प्रत्ययाचे मूळ आणखी एका ठिकाणी उघडे पडते. स्पॅनिश ‘कांता’ म्हणजे ‘गातो’ही आणि ‘गाते’ही, क्रियापदाला लिंग नाही. मराठी ‘गातो-गाते’ किंवा हिंदी ‘गाएगा-गाएगी’ यांत लिंग आहे, कारण मराठीचा ‘त’ मुळात धातुसाधित विशेषणाचा आणि हिंदीचा ‘गा’ हा ‘गत’चा, ‘गेलेला’चा, वंशज आहे. विशेषण झिजून प्रत्यय झाले तरी लिंगभेदाची सवय त्याने सोडली नाही. ‘आबेर’ हे आधीपासून पुरते क्रियापद होते, त्यामुळे त्याच्या पोटी झालेल्या भविष्यकाळात लिंगाचा प्रश्नच उद्भवला नाही.

इच्छा, शंका, अट व्यक्त करणाऱ्या रूपांचा पसारा मोठा आहे, त्यात येथे शिरत नाही. एवढेच सांगतो की भूतकाळासाठी तेथे ‘कांतारा’ आणि ‘कांतासे’ अशी दोन रूपे चालतात, कारण लॅटिनची दोन निरनिराळी रूपे अर्थाने एकाच जागी येऊन थांबली. (हा ‘कांतारा’ मधल्या ‘ता’वर आघाताचा, भविष्यकाळातला टोकावर आघाताचा.) याच गटातील एक भविष्यकाळ आज बोलण्यातून गेला आहे, तो कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत भेटतो. ‘दोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस’, जेथे जाशील तेथे जे दिसेल ते कर. आपला ‘देश तसा वेश’.

‘आर’ वर्ग आजही नव्या शब्दांना दार उघडे ठेवतो. ‘एस्कानेआर’, ‘चातेआर’ अशी क्रियापदे बोलण्यात आली की पहिल्या दिवसापासून त्यांची सगळी रूपे तयार असतात. ‘तुइतेआर’ (ट्वीट करणे) तर रॉयल स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशाच्या २०१४ च्या आवृत्तीत दाखल झाले. मराठीने एके काळी फारसी-अरबी शब्दांवरून ‘बदलणे’, ‘फर्मावणे’ अशी क्रियापदे घडवली होती. आता आपण ‘स्कॅन करणे’, ‘ट्वीट करणे’ म्हणतो आणि रूपे चालवण्याचा सारा भार ‘करणे’वर टाकतो. ‘करणे’ स्वतः अनियमित आहे, हे मूल ‘मी करला’ म्हणते तेव्हा ध्यानात येते. स्पॅनिश मूलही ‘मला माहीत आहे’साठी ‘से’ऐवजी ‘साबो’ म्हणते. ऐकलेले नव्हे, नियमाने काढलेले रूप ते वापरते.

इकडे भविष्यकाळाचा रकाना पुन्हा हलू लागला आहे. रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ‘कांतारे’ऐवजी ‘बोइ आ कांतार’, शब्दशः ‘गायला जातो’, हेच अधिक ऐकू येते. जुन्या रूपाकडे अंदाजाचे काम वाढत आहे : ‘सेरान लास त्रेस’, म्हणजे ‘तीन वाजले असतील’. मराठी ‘असेल’, ‘असतील’ हेही भविष्यकाळी रूपानेच आत्ताचा तर्क सांगतात. आणि घाईच्या बोलण्यात ‘बोइ आ’ हे दोन शब्द ‘बोआ’, ‘बुआ’ असे एका दमात निघतात. तक्त्यात त्यांना अजून रकाना मिळालेला नाही.