रूट कॅनालनंतरचं दुखणं: ओसरणारं आणि चढणारं

नसच काढून टाकली, मग दुखतंय काय? रूट कॅनालच्या दुसऱ्या दिवशी हा प्रश्न पडतोच. खरं तर दाताचा आतला भाग दुखत नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. त्याच्या नसा शाबूत असतात, आणि साफसफाईत मुळाच्या टोकाजवळची ही जागा दुखावते. हे झालं साधं दुखणं. दुसरं असतं जंतुसंसर्गाचं: आत उरलेले किंवा टोकाबाहेर ढकलले गेलेले जंतू उचल खातात तेव्हाचं.

दोन्ही एकाच जागी, दोन्ही चावताना जास्त. किती दुखतंय यावरून निवाडा करायला गेलात तर फसाल, कारण साधं दुखणंही पहिल्या रात्री चांगलंच ठणकू शकतं. बघायचं ते दुखण्याची चाल. साधं दुखणं पहिल्या 24 ते 48 तासांत सगळ्यात जास्त असतं, मग रोज थोडं उतरतं. आठवडाभरात बहुधा चावतानाची हलकी जाणीव तेवढी उरते. संसर्गाचं दुखणं चढत जातं, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा उसळतं. सोबत गाल किंवा हिरडी सुजते, कधी तापही येतो.

मध्येच गोंधळ घालणारी एक गोष्ट म्हणजे उंच राहिलेलं फिलिंग. एरवी शांत, पण दात मिटले की नेमकी तिथेच कळ. यावर गोळ्या घेत बसू नका. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, उंच भाग घासतात, काही मिनिटांचं काम. आणि थंड पाण्यानं झिणझिण्या आल्या तर शेजारच्या दाताकडे बघा. नस काढलेल्या दाताला थंड कळत नाही. त्याच दाताला कळत असेल, तर मुळातली नसेची एखादी नळी साफ करायची राहून गेलेली असू शकते. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत असं होतं, तिथली चौथी नळी फार बारीक असते.

साध्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन चांगलं, कारण ते सूजच कमी करतं. सोबत पॅरासिटामॉल घेतल्यास आराम आणखी. मात्र अल्सर, किडनीचा आजार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उरलेली अँटिबायोटिक्स तर मुळीच नको. साध्या दुखण्यात ती निरुपयोगी, कारण तिथे मारायला जंतूच नसतात. संसर्गातही मुख्य उपाय म्हणजे दात पुन्हा उघडून साफ करणं किंवा पू काढणं. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक्स जोडीला देतात.

हिरडीवर पुटकुळी आली आणि दुखणं एकदम थांबलं, तर खूश होऊ नका. पू बाहेर पडल्यानं दाब उतरलेला असतो, संसर्ग तिथेच असतो. आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, तोंड उघडेना, गिळायला वा श्वास घ्यायला जड जात असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.