नायसियात पुनर्जन्म कापला? छे!

"बायबलमध्येही पुनर्जन्म होता, ३२५ साली नायसियाच्या परिषदेत पाद्र्यांनी तो कापला" हा मजकूर जालना-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अजून फिरतोय. (नायसियाची परिषद म्हणजे आजच्या तुर्कस्तानात भरलेली ख्रिस्ती बिशपांची सभा.) पैठणच्या वारीला जाणारा शेजारी पुनर्जन्म मानतो, ती त्याची श्रद्धा. आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण बायबलच्या नावावर हे खपवू नका.

नायसियातला वाद एरियस नावाच्या पाद्र्याच्या शिकवणीवर होता: पुत्र (येशू) पित्याच्याच (देवाच्याच) तत्त्वाचा, की निर्माण केलेला? परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात. त्यांत पुनर्जन्माचा 'प'सुद्धा नाही. आणि कापणार तरी कसं? बायबलच्या नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकाची इ.स. २००च्या सुमाराची, म्हणजे परिषदेच्या शंभरेक वर्षं आधीची, पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) हस्तलिखित प्रत हाती आहे. माणसाला एकदाच मरण, मग न्याय (९:२७), हे तिच्यातही आहेच.

मग जुन्या करारातला संदेष्टा एलीया पुढे केला जातो: येशूच्या काळातला, बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे तोच पुन्हा जन्मलेला ना? योहानालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "मी नाही" (योहान १:२१). शिवाय एलीया मेलाच नव्हता, वावटळीतून वर घेतला गेला. मेल्याशिवाय पुनर्जन्म कसला!

आत्मे जन्माआधीपासून असतात, या ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती पंडिताच्या नावावरच्या मताचा सहाव्या शतकात धिक्कार झाला, एवढं खरं. पण ते बायबलचं पान नव्हतं.