माग्दिवांग आणि माग्दालो: फिलिपिन्सच्या क्रांतीतली भाऊबंदकी

स्पेनविरुद्धच्या उठावाचा प्रमुख आंद्रेस बोनिफासिओ याला १० मे १८९७ रोजी मारागोंदोनच्या डोंगरात ठार करण्यात आलं. हुकूम क्रांतिकारकांच्याच सरकारचा होता. फिलिपिन्सच्या स्वातंत्र्यलढ्यातली ही सगळ्यात दुखरी जागा आहे. बोनिफासिओ आणि एमिलिओ आग्विनाल्दो या दोन नेत्यांचं वैर एवढ्यावर तिचा उलगडा होत नाही.

फिलिपिन्सवर स्पेनचा अंमल १५६५ पासून होता. गावोगाव खरी सत्ता मात्र स्पॅनिश पाद्र्यांच्या हाती होती आणि मनिलाजवळच्या कावीते प्रांतात तर मोठमोठ्या जमिनीही त्यांच्याच मालकीच्या होत्या. १८७२ मध्ये कावीतेच्या शस्त्रागारात बंड झालं. त्याचं निमित्त करून गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा या तीन स्थानिक धर्मगुरूंना देहदंड दिला गेला. पुढच्या पिढीवर या घटनेचा खोल परिणाम झाला. होसे रिझाल, मार्सेलो देल पिलार, लोपेझ हाएना हे सुशिक्षित तरुण स्पेनमध्ये राहून ‘ला सोलिदारिदाद’ या पत्रातून आपली बाजू मांडू लागले. त्यांच्या मागण्या मवाळ होत्या: स्पेनच्या संसदेत प्रतिनिधित्व, कायद्यापुढे समानता, पाद्र्यांच्या सत्तेला लगाम. स्वातंत्र्य त्यांनी मागितलं नव्हतं. तरीही जुलै १८९२ मध्ये रिझालला अटक करून दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर दापितानला हद्दपार केलं गेलं.

त्याच सुमारास मनिलाच्या तोंदो वस्तीत कातिपुनान ही गुप्त संघटना जन्माला आली. बोनिफासिओ तिच्या संस्थापकांपैकी एक. लहानपणीच आईवडील गेलेले, हातकाठ्या आणि कागदी पंखे विकून भावंडांना वाढवलेलं, पुढे परदेशी व्यापारी कंपनीच्या गोदामात नोकरी. फारसं शालेय शिक्षण नव्हतं, पण वाचन दांडगं होतं. संघटनेत कारकून, कामगार, छोटे दुकानदार यांचा भरणा होता. १८९६ मध्ये तिने दापितानला दूत पाठवून रिझालचा सल्ला मागितला. पुरेशी शस्त्रं आणि सुस्थित वर्गाचा पाठिंबा असल्याशिवाय उठाव नको, असं त्याचं मत पडलं. तयारीला वेळ मिळालाच नाही. ऑगस्ट १८९६ मध्ये संघटनेचा सुगावा पाद्र्यांना लागला आणि घाईघाईने बंड पुकारावं लागलं.

इथून पुढच्या फुटीचं बीज रणांगणात पडलं. मनिलाजवळ सान हुआन देल मोंते इथे बोनिफासिओच्या लोकांचा दारुण पराभव झाला. कावीतेत मात्र उठावाला यश आलं, कारण तिथले पुढारी गावचे कारभारी होते. माणसं, पैसा, धान्य त्यांच्या हाताशी होतं. कावीते प्रांतातल्याच कावित गावचा नगरप्रमुख एमिलिओ आग्विनाल्दो नोव्हेंबरमधल्या विजयांनंतर घरोघरी ठाऊक झाला.

कावीतेत कातिपुनानच्या दोन शाखा होत्या. नोव्हेलेतामध्ये माग्दिवांग, प्रमुख मारियानो आल्वारेझ, म्हणजे बोनिफासिओच्या बायकोचे काका. कावितमध्ये माग्दालो, प्रमुख बाल्दोमेरो आग्विनाल्दो, म्हणजे एमिलिओचा चुलतभाऊ. दोघांचे मुलूख वेगळे, फौजा वेगळ्या, आणि एकमेकांच्या मदतीला जाण्यात अळंटळं. माग्दालोचं म्हणणं होतं की आता गुप्त संघटनेचे दिवस संपले, रीतसर सरकार हवं. माग्दिवांगच्या मते सरकार आहेच, ते म्हणजे कातिपुनान, आणि बोनिफासिओ तिचा ‘सुप्रेमो’, म्हणजे सर्वोच्च नेता. तंटा मिटवायला डिसेंबर १८९६ मध्ये बोनिफासिओला बोलावून घेतलं. परक्या प्रांतात, फौजेविना आलेला हा सुप्रेमो स्वतःच तंट्याचा विषय झाला.

२२ मार्च १८९७ रोजी तेहेरोस इथे पाद्र्यांच्या जमीनदारीच्या वाड्यात सभा भरली. अध्यक्षस्थानी बोनिफासिओ. मतदानाचा निकाल काहीही लागला तरी सगळ्यांनी मानायचा, हे त्यानेच वदवून घेतलं. आग्विनाल्दो लढाईवर होता, तरी राष्ट्राध्यक्ष म्हणून तोच निवडून आला. सभेत बहुमत माग्दिवांगचं होतं, आणि बाकीची बरीच पदंही माग्दिवांगच्याच माणसांना मिळाली. म्हणजे ऐनवेळी गटापेक्षा प्रांत मोठा ठरला. कावीतेच्या लोकांनी कावीतेचा माणूस निवडला. बोनिफासिओच्या वाट्याला गृहखातं आलं. तेव्हा माग्दालोचा दानिएल तिरोना उठला आणि म्हणाला, या पदाला वकिलीची पदवी असलेला माणूस हवा. इतर कोणाच्याही पदवीची चौकशी झाली नव्हती. बोनिफासिओने पिस्तूल उपसलं, माग्दिवांगचा सेनानी आर्तेमिओ रिकार्ते याने त्याचा हात धरला. सुप्रेमो या नात्याने सगळे ठराव रद्द, असं जाहीर करून तो बाहेर पडला.

शब्द देऊन निकाल न मानणं ही त्याची चूक होतीच. पण तो अपमान जातिवंत वर्गाभिमानाचा होता, आणि मतपत्रिका आधीच भरून आणल्याचे आरोपही झाले. त्याने वेगळं सैन्य आणि वेगळं सरकार उभारण्याची तयारी सुरू केली. एप्रिलच्या अखेरीस आग्विनाल्दोच्या सैनिकांनी त्याला लिंबोन गावात पकडलं. झटापटीत एक भाऊ मारला गेला, तो स्वतः जबर जखमी झाला. लष्करी न्यायालयाने राजद्रोहाबद्दल मृत्युदंड दिला. आग्विनाल्दोने तो हद्दपारीत बदलला आणि सेनानींच्या आग्रहावरून ती सवलत पुन्हा मागेही घेतली. लाझारो माकापागाल या अधिकाऱ्याकडे लखोटा देऊन कैद्यांना डोंगरात न्यायला सांगितलं होतं. त्याच्या सांगण्यानुसार, बोनिफासिओच्या विनंतीवरून त्याने तो वाटेत फोडून वाचला. आत बोनिफासिओ आणि त्याच्यासोबत कैदेत असलेला दुसरा भाऊ, दोघांनाही मारण्याचा हुकूम होता.

फूट तिथे मिटली नाही. डिसेंबर १८९७ मध्ये स्पेनशी तह करून आग्विनाल्दो हाँगकाँगला गेला. अमेरिका-स्पेन युद्ध सुरू झाल्यावर परतला आणि १२ जून १८९८ रोजी कावितमध्ये त्याने स्वातंत्र्य घोषित केलं. मालोलोस गावात भरलेल्या नव्या सरकारच्या प्रतिनिधीसभेत श्रीमंत, शिकलेले लोक पुढे आले. आधी स्पेनशी जमवून घेणारे पेद्रो पातेर्नोसारखे पुढारी आता स्पेनच्या जागी आलेल्या अमेरिकेशी तडजोड करू पाहत होते. आग्विनाल्दोचा सल्लागार अपोलिनारिओ माबिनी मात्र पूर्ण स्वातंत्र्यावर ठाम होता. त्याच बाजूचा सेनापती आंतोनिओ लुना याने कावितच्या तुकडीला शिस्तभंगाबद्दल निःशस्त्र केलं होतं. ५ जून १८९९ रोजी काबानातुआन इथे, आग्विनाल्दोच्या मुख्यालयात, त्याच तुकडीच्या सैनिकांनी लुनाला ठार मारलं. कोणालाही शिक्षा झाली नाही.