अपंगत्व पेन्शन: आजार फौजेने दिला की जन्माने?

गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, तर वाद फारसा होत नाही. भांडण असतं ते रक्तदाब, मधुमेह, फिट्स आणि मानसिक आजारांवरून. सेवेमुळे जडलेला किंवा सेवेत बळावलेला आजार आणि किमान २० टक्के अपंगत्व, ही अट १९६१ च्या पेन्शन नियमांपासूनची.

१९८२ च्या नियमांनी जवानाची बाजू भक्कम केली. भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या आजाराने पुढे घरी जावं लागलं, तर तो सेवेतच जडला असं धरायचं. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नाही, वाजवी शंकेचा फायदाही त्यालाच. प्रत्यक्षात मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांचं मंडळ, 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे मूळ प्रकृतीचा दोष, एवढा शेरा मारत आणि दावा तिथेच बारगळे.

२०१३ चं प्रकरण असंच. सिग्नल कोअरमध्ये १९८५ ला भरती झालेला जवान १९९४ मध्ये फिट्समुळे बोर्डआउट झाला, म्हणजे वैद्यकीय कारणाने फौजेतून बाहेर काढला गेला; २० टक्के कायम अपंगत्व. सेवेशी संबंध नाही, असं बोर्डाने लिहिलं. का नाही, ते लिहिलं नाही. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांपुढे तो जिंकला, खंडपीठापुढे हरला. सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं ते नेमकं त्या न लिहिलेल्या कारणावर. भरतीच्या तपासणीत हा आजार दिसणं शक्य नव्हतं, असं बोर्डाने कारणासह नोंदवलेलं नसेल, तर गृहीतक जवानाच्या बाजूनेच राहतं. आनुवंशिक दोष तपासणीत दरवेळी सापडत नाही, हा लष्करी डॉक्टरांचा आक्षेप खोटा नाही. पण मग तसं चार ओळीत लिहायला काय हरकत होती?

गंमत म्हणजे तोवर नियम बदलले होते. १ जानेवारी २००८ पासूनच्या नियमांत ते गृहीतक उरलं नाही. सेवानिवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला, तर पुराव्याचा भारही दावेदारावर आला. तरीही २०१३ च्या निकालाचा आधार घेऊन लष्करी न्यायाधिकरणात दावे येतच राहिले. २०१४ च्या एका निकालाने पेन्शनच्या हिशेबात २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरण्याची सवलत पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली, तेव्हा सरकारी तिजोरीची चिंता वाढली. २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नियम आणखी काटेकोर आहेत. निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्व पेन्शनला तर 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं नवं नावच आलं. त्या तारखेआधी बाहेर पडलेल्यांना हे नियम लागू नाहीत. म्हणून वकील आधी आजार विचारत नाही, फौज सोडल्याची तारीख विचारतो.