पाणीखाऊ झाडं बदलणं (विदर्भ)

विहीर, नाला, बोडी (म्हणजे शेतातलं छोटं तळं), तलाव यांच्या काठची जास्त पाणी ओढणारी झाडं काढायची आणि तिथं त्याच मातीतली, पाण्याला जड न जाणारी झाडं लावायची, याला पाणीखाऊ झाडं बदलणं म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण झाड तोडणं हे यातलं अर्धंच काम आहे आणि तेही सोपं अर्धं. विदर्भात नाव निघतं ते नीलगिरी, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांचं, आणि तलाव असला की बेशरमचं. बेशरम खरं तर झाड नाही, झुडूप आहे, पण भंडारा-गोंदियाकडे मामा तलावाच्या (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या) काठावर कोणालाही विचारा, आधी शिवी तिलाच पडेल.

ही झाडं बाहेरची. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, बाकीची अमेरिका खंडातली. महाराष्ट्रात १९८२ ला सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला, त्या काळात लवकर वाढणाऱ्या झाडांचं लई कौतुक होतं, नीलगिरीला गुरं तोंड लावत नाहीत, सरळ वाढते, लाकूड विकलं जातं आणि बल्लारपूरची पेपर मिल इथलीच, मग शेतकऱ्यांनी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), नाल्याकाठी रांगाच्या रांगा लावल्या तर त्यात त्यांचं काय चुकलं.

आता पाणी जातं कसं ते बघा. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, नंतर आठ महिने जमिनीत मुरलेल्यावरच भागवायचं. पश्चिम विदर्भात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड, साध्या विहिरीचं पाणी त्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्येच असतं. साग, मोह, पळस ही आपली झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात, म्हणजे पाणी कमी असतं तेव्हा त्यांचं पिणंही कमी होतं. नीलगिरी बारा महिने हिरवी, मुळांना ओल मिळते तोवर ती ओढत राहते. कर्नाटकातल्या अभ्यासात तिची मुळं ८ मीटरपर्यंत खाली गेलेली दिसली, म्हणजे सव्वीस फूट, आपल्या कितीतरी विहिरींचं पाणी त्याच खोलीला असतं. वनवाले म्हणतात की एक किलो लाकूड तयार करायला नीलगिरीला पाणी कमीच लागतं, ते खोटं नाही, पण ती लाकूडच इतकं भराभर करते की एकूण पाणी जास्तच जातं. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नवीन नीलगिरी लावायला बंदी केली. दक्षिण आफ्रिकेत तर १९९५ पासून नद्यांच्या पाणलोटातली परकी झाडं काढायचा मोठा सरकारी कार्यक्रम आहे, आणि त्यात गावातल्या लोकांनाच मजुरी मिळते.

खरी कटकट तोडल्यानंतर सुरू होते. नीलगिरी आणि सुबाभूळ नुसती कापली की खुंटाला फुटवे येतात आणि दोन वर्षांत जैसे थे. त्यामुळे खुंट खणून काढायचा, नाहीतर फुटवे आले की मोडत राहायचे, वर्षानुवर्षं. सुबाभळीचं बी मातीत बरीच वर्षं जिवंत राहतं, म्हणून दर पावसाळ्यात रोपं उपटावी लागतात. बेशरमचा तुकडा ओल्यात पडला तरी मूळ धरतो, तलाव आटला असताना मुळासकट काढून लांब नेऊन वाळवावी, काठावर ढीग लावून घरी गेलात तर मेहनत पाण्यात.

नाल्याचा काठ एकदम मोकळा करू नये, पहिल्याच जोरदार पावसात माती वाहून तलावात गाळ बसतो. टप्प्याटप्प्यानं काढायचं, मोकळ्या पट्ट्यात करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन लावायचे. अर्जुन-जांभूळही पाणी पितात बरं का, आणि भरपूर पितात, पण काठ धरतात आणि दाट रांग करून लावायची गरज नसते. वरच्या मोकळ्या जागेत मोह, पळस, कडुनिंब चालतो. साग, मोह, जांभूळ, आंबा, चिंच ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, नीलगिरी नाही, तरी कुऱ्हाड लावायच्या आधी तलाठ्याला विचारून घ्या.

फरक दिसतो तो उथळ विहिरीत, झऱ्यात आणि छोट्या बोडीत, तेही एक-दोन पावसाळे गेल्यावर. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात, जिथं शेकडो फुटांचे बोअर रात्रंदिवस चालतात, तिथं धुऱ्यावरच्या दहा नीलगिरी काढून पाण्याची पातळी बघायला गेलात तर काही सापडणार नाही, तिथं आधी पंप मोजावे लागतील.